फिटच्या गोळ्या: शरीरात काय होतं, बाधा कधी होते, घरी काय पाहायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आकडी, फेफरं, मिरगी, फिट. नाव कुठलंही घ्या, आजार एकच, आणि त्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम आहे. पण डोस जास्त होऊन औषधाचीच बाधा होतेय हे सगळ्यात आधी दिसतं ते घरात: पडवीची पायरी उतरताना तोल जातो, बोलताना जीभ जड होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक गावांना मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो, कधी मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून काय पाहायचं, कशाची घाई करायची आणि कशाची नाही, हे घरच्यांना नेमकं माहीत असायला हवं.

गोळी गिळल्यावर तिचं पुढे काय होतं?

आतड्यातून औषध रक्तात जातं. रक्तात त्यातलं काही अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून राहतं, काही मोकळं फिरतं. मेंदूवर परिणाम करतो तो हा मोकळा भागच. फेनिटॉइन जवळजवळ ९० टक्के चिकटलेलं असतं, लेव्हेटिरासिटाम फारसं चिकटतच नाही.

मग औषध बाहेर टाकायचं काम सुरू होतं. फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन आणि क्लोबाझाम यांचं विघटन मुख्यतः यकृत करतं. लेव्हेटिरासिटाम, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन मुख्यतः मूत्रपिंडातून लघवीवाटे जातात. फेनोबार्बिटोनचं बरंचसं काम यकृत करतं, साधारण पाव भाग जसाच्या तसा लघवीतून जातो. आपलं औषध कुठल्या वाटेने बाहेर जातं एवढं कळलं, की कावीळ झाल्यावर कशाची काळजी करायची आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढल्यावर कशाची, हे आपोआप कळतं.

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. लेव्हेटिरासिटामचं मोठ्या माणसात ६ ते ८ तास, व्हॅल्प्रोएटचं साधारण ९ ते १६ तास, फेनोबार्बिटोनचं तीन-चार दिवस. डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला अशी पाच अर्धायुष्यं लागतात. म्हणजे लेव्हेटिरासिटामचा बदल दोन दिवसांत कळतो, फेनोबार्बिटोनचा (गार्डिनल) कळायला दोन-तीन आठवडे जातात. गार्डिनल वाढवून चार दिवसांत “काहीच फरक नाही” म्हणत आणखी वाढवलं, तर पंधरवड्याने माणूस झोपेतून उठत नाही. दोन्ही वाढींचा परिणाम तेव्हा एकत्र समोर येतो.

फेनिटॉइनची एकच गोळी वाढवली होती. एवढ्याने भिंतीला धरून चालायची वेळ कशी आली?

सगळ्यात जास्त गोंधळ याच औषधाने होतो, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

बहुतेक औषधांचा डोस दीडपट केला की रक्तातली पातळीही साधारण दीडपट होते. फेनिटॉइनचं (एप्टॉइन, डायलँटिन) तसं नाही. यकृतातली जी विकरं (एन्झाइम) ते मोडतात त्यांची ताकद मर्यादित असते आणि नेहमीच्या डोसलाच ती भरत येते. दाभोळ–धोपावे फेरीबोटीचं उदाहरण घ्या. एका फेरीत ठरावीकच गाड्या मावतात. तेवढ्याच येत राहिल्या तर धक्का मोकळा राहतो. दर फेरीला चारच गाड्या जास्त आल्या तर रांग वाढतच जाते, संध्याकाळपर्यंत ती गावात पोचते. फेनिटॉइनची रांग रक्तात लागते.

आकड्यांत पाहा. ६० किलो वजनाच्या माणसासाठी पाठ्यपुस्तकातल्या सरासरी मूल्यांनी हिशेब केला, तर रोज ३०० मिग्रॅ फेनिटॉइन सोडियमवर पातळी येते सुमारे ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ३५० वर ती १३ होते. ४०० वर एकदम २८. आणि ४५० वर ती कुठे स्थिर होईल हे सांगताच येत नाही, वाढतच जाते. उपयोगी पट्टा १० ते २० चा आहे. म्हणजे ३०० वर फिट थांबत नाहीत म्हणून सरळ १०० ची गोळी वाढवणं हाच घोटाळा. जाणते डॉक्टर ३०० च्या पुढे २५ किंवा ५० मिग्रॅनेच चढतात. त्यासाठी ५० ची गोळी बाजारात मिळते. हे आकडे सरासरीचे. ही विकरं काहींच्यात जन्मतःच मंद असतात, त्यांना ३०० सुद्धा जास्त होतं.

आणखी एक अडचण अशी की पातळी जितकी वर जाते तितकं औषध हळू उतरतं. त्यामुळे बाधा वाढीच्या दुसऱ्या दिवशी दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी दिसते. तोवर घरात सगळे “गोळी वाढवली ती मागेच, आता हे काहीतरी वेगळंच” असं धरून चालतात. कानाच्या डॉक्टरकडे चकरा होतात, मणक्याचा फोटो काढला जातो. चक्कर सुरू झाली की आधी मागच्या महिन्याभरातले गोळ्यांचे बदल तपासा.

बाधा झाली हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

फेनिटॉइनची लक्षणं बरीचशी क्रमाने येतात. पातळी २० च्या वर गेली की बाजूला पाहताना बुबुळं थरथरतात. ३० च्या आसपास तोल जातो, पाय फाकवून चालावं लागतं. ४० च्या वर ग्लानी, बरळणं, गोंधळ. प्रत्येकात हे आकडे असेच जुळतील असं नाही, पण क्रम बहुधा हाच.

घरी तीन गोष्टी करून पाहा. समोर बसवा, डोकं हलवू देऊ नका, बोट डोळ्यांसमोरून सावकाश उजवीकडे आणि डावीकडे न्या. बुबुळं झटके देत परत येतात का पाहा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा, शेजारी कुणीतरी उभं राहा. मग स्वतःच्या नाकाला आणि तुमच्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगा. बोट चुकतं का, थरथरतं का ते बघा. आधी नीट जमत होतं आणि आता जमत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

कार्बामाझेपाइन जास्त झालं की एकाच्या दोन वस्तू दिसतात, गरगरतं, मळमळतं. बऱ्याचदा हे गोळी घेतल्यावर तास-दोन तासांनी येतं आणि नंतर ओसरतं. वेळ लिहून ठेवली तर निदान तिथेच होतं, आणि डोस दिवसात जास्त वेळा विभागून किंवा सावकाश सुटणारी गोळी देऊन प्रश्न मिटू शकतो. व्हॅल्प्रोएटने हात कापतात, झोप येते, उलट्या होतात. फेनोबार्बिटोनने जड झोप. लहान मुलं मात्र कधी याच्या उलट चिडचिडी आणि धावपळी होतात.

फार वरच्या पातळीला याच औषधांनी फिट वाढूही शकतात. तोल जातोय, जीभ जड आहे आणि फिटही येतायत, अशा माणसाला “कमी पडतंय” म्हणून आणखी गोळी देऊ नका. आधी रक्त तपासा. फेनिटॉइनची तीव्र बाधा फार दिवस राहिली तर लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते, मग औषध बंद करूनही तोल पूर्ण परत येत नाही.

कार्बामाझेपाइनने तीन आठवडे छान गेले, मग फिट परत आल्या. औषध फुकट गेलं का?

नाही. कार्बामाझेपाइन (टेग्रिटॉल, मॅझेटॉल) यकृताला स्वतःलाच मोडायला शिकवतं. पहिल्या डोसला त्याचं अर्धायुष्य २५ ते ६५ तास असतं, तीन ते पाच आठवड्यांनी १२ ते १७ तासांवर येतं. डोस तोच, पातळी कमी. म्हणूनच ते थोड्यावर सुरू करून पायरीपायरीने वाढवतात. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे: काही आठवडे गोळ्या पूर्ण बंद होत्या आणि मग जुन्याच मोठ्या डोसवर पुन्हा सुरू केल्या, तर यकृत ते शिकणं विसरलेलं असतं आणि पहिल्या आठवड्यातच बाधा होते. खंड पडला असेल तर पुन्हा सुरुवात कशी करायची ते विचारून करा.

पावसाळ्यात फिट वाढतात असं वाटतं. दमट हवेचा गोळ्यांशी संबंध असतो का?

असतो, आणि किनारपट्टीवर तो गंभीरपणे घ्यायला हवा. कार्बामाझेपाइनच्या गोळ्या हवेतला ओलावा शोषतात, त्यांचे स्फटिक बदलतात, गोळी कडक होते आणि पोटात नीट विरघळत नाही. दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांची परिणामकारकता एक तृतीयांशाने कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० साली दिला होता. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडतं. तिथे न्हाणीघराच्या फळीवर किंवा चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलेल्या गोळ्यांचं काय होत असेल, याचा विचार करा.

पातळी अशी उतरली की डॉक्टर डोस वाढवतात. मग नवी कोरडी स्ट्रिप येते, वाढलेला डोस पूर्ण ताकदीने लागू होतो आणि बाधा होते. ओल्या गोळीमुळे आधी फिट आणि नंतर विषबाधा, अशी दोन्ही संकटं ओढवतात.

सोडियम व्हॅल्प्रोएटही पाणी ओढतं, गोळी चिकट होते. म्हणून आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरायची पद्धत या दोन औषधांना लावू नका. स्ट्रिप कापून तुकडे करा, पण गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत कागदातच राहू द्या. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, डबा लाकडी कपाटात. फ्रिजमध्ये नको, कारण बाहेर काढताना त्यावर पाणी धरतं. पावसाळ्यात तीन महिन्यांचा साठा करू नका. रस्ता बंद पडला तर हाताशी असावा म्हणून महिन्याचा आणि वर दहा दिवसांचा पुरे. रंग बदललेली, चिकटलेली, नेहमीपेक्षा कडक झालेली गोळी मेडिकलवाल्याला दाखवा, गिळू नका.

कंपनी बदलली तर चालतं का?

लेव्हेटिरासिटामला सहसा चालतं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपाइनला जपून. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये फेनिटॉइन घेणाऱ्या अनेकांना एकदम बाधा झाली. औषध तेच, मात्रा तीच होती. कॅप्सूलमधलं भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केलं होतं, त्यामुळे शोषण वाढलं. स्वस्त गोळी वाईट असा याचा अर्थ नाही. जी गोळी तुमच्याकडे वर्षभर मिळत राहील अशी घ्या आणि तीच ठेवा. गावच्या मेडिकलला आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर “ती नाही, ही घ्या” ही वेळ येत नाही.

नावाखालचा आकडाही वाचा. फेनिटॉइनचं पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये ३० मिग्रॅ आणि १२५ मिग्रॅ अशा दोन ताकदींचं असतं. चौपट फरक आहे. ते बाटलीत तळाला बसतं, म्हणून दर वेळी जोरात हलवा; न हलवता दिलं तर सुरुवातीला कमी पडतं आणि तळाला आलं की मुलाला बाधा होते. मोजायला औषधासोबतचं माप किंवा सिरिंज घ्या, स्वयंपाकघरातला चमचा नको. “सीआर”, “ईआर” किंवा “क्रोनो” लिहिलेल्या गोळ्या कुटू नका, चावू नका. सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

रक्तातली लेव्हल कधी तपासायची?

सकाळची गोळी घेण्याआधी. बाधेची शंका असेल तर मात्र सकाळची वाट पाहू नका, लगेच रक्त द्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहा. डोस बदलल्यानंतर फेनिटॉइनसाठी दोन-तीन आठवडे, व्हॅल्प्रोएटसाठी पाचेक दिवस थांबा.

नेहमीचे पट्टे असे: फेनिटॉइन १०–२०, कार्बामाझेपाइन ४–१२, फेनोबार्बिटोन १५–४०, व्हॅल्प्रोएट ५०–१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पण कागदावर आकडा बरोबर आणि माणूस धडपडतोय, असंही होतं. अल्ब्युमिन कमी असेल तर मोकळं फेनिटॉइन जास्त असतं आणि एकूण आकडा फसवतो. अंदाज घ्यायला एक सूत्र आहे: मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१). पातळी ८ आणि अल्ब्युमिन २ असेल तर खरी धरायची १६. अंथरुणाला खिळलेली, पेजेवर असलेली म्हातारी माणसं, यकृताचे आणि लघवीतून प्रथिनं जाणारे रुग्ण यांची लेव्हल तपासताना अल्ब्युमिनही तपासून घ्या. मूत्रपिंडं निकामी झाली असतील तर हे सूत्रही अपुरं पडतं.

व्हॅल्प्रोएटवरचा माणूस झोपाळलेला आहे, लेव्हल ठीक, यकृताच्या तपासण्या ठीक, तर रक्तातला अमोनिया तपासायला सांगा. तो वाढलेला असू शकतो आणि त्यावर उपचार आहे.

लावणीच्या दिवसांत लेप्टोची गोळी देतात. ती चालेल का?

घ्या, पण आपल्या फिटच्या गोळ्यांचं नाव सांगून घ्या. लेप्टोस्पायरोसिस टाळायला देतात ती डॉक्सीसायक्लिन. फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन आणि फेनोबार्बिटोन यकृताला इतकं कामाला लावतात की डॉक्सीसायक्लिनचं अर्धायुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणजे शेजाऱ्याला पुरणारी गोळी तुम्हाला पुरेलच असं नाही. गुडघाभर चिखलात उतरताना गमबूट आणि जखमेवर पट्टी यांची जबाबदारी तुमच्यावर जास्त. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

खुद्द लेप्टो झाला तर प्रश्न उलटा होतो. तो मूत्रपिंडं आणि यकृत दोन्ही धरतो. लघवी कमी झाली की लेव्हेटिरासिटाम साठतं. दाखल करताना गोळ्यांची यादी पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टरांच्या हातात द्या.

आणखी कुठल्या औषधांनी गडबड होते?

टीबीच्या औषधांनी सगळ्यात जास्त. आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपाइन मोडू देत नाही, पातळी चढते. रिफाम्पिसिन उलट ते लवकर मोडायला लावतं. दोन्ही एकत्र दिली जातात, आणि कुणाच्या शरीरात कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही. टीबीचा कोर्स सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल बघायची हे लक्षात राहतं. कोर्स संपल्यावर बघायचं राहून जातं. रिफाम्पिसिन थांबलं की यकृत हळूहळू मंदावतं आणि टीबीतून बरा झालेला माणूस दोन आठवड्यांनी डुलत चालायला लागतो.

गजकर्णासाठी, बुरशीसाठी पावसाळ्यात हमखास लिहून देतात ती फ्लुकोनॅझोल फेनिटॉइन चढवते. जुलाबांवरची मेट्रोनिडाझोलही चढवू शकते. घशासाठीच्या एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपाइन दोन-तीन दिवसांत वर जातं. अझिथ्रोमायसिनचा तसा त्रास जवळपास नाही, म्हणून तोच पर्याय मागा. रुग्णालयात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावलं तर व्हॅल्प्रोएट दिवस-दोन दिवसांत तळाला जातं. त्यावर व्हॅल्प्रोएट वाढवून फारसा उपयोग होत नाही, दुसरं औषध जोडावं लागतं.

व्हॅल्प्रोएटवर असताना लॅमोट्रिजिन सुरू करायचं असेल तर त्याचं अर्धायुष्य दुपटीहून वाढतं. म्हणून सुरुवात नेहमीच्या निम्म्याने, आणि वाढ फार सावकाश.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि मलेरियावरचं मेफ्लोक्विन यांनी लेव्हल न बदलताही फिट येऊ शकते. पोटातल्या जळजळीवरचं पांढरं औषध आणि फेनिटॉइन यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

काढे, चूर्णं, पथ्य, पपनस?

कोणतंही “फिटवरचं हमखास चूर्ण” बिनलेबलाचं असेल तर घेऊ नका. अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलेलं आहे. आधीच गार्डिनल चालू असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. आणि पुडी एकदम बंद केली की फिटमागून फिट येते. कुणी अंगारा लावला, गाऱ्हाणं घातलं तर त्याने गोळी बिघडत नाही. पोटात काही गेलं तरच प्रश्न येतो.

शंखपुष्पीच्या तयार औषधाने फेनिटॉइनची पातळी उतरल्याची नोंद आहे. मिऱ्यातलं पिपरीन फेनिटॉइनचं शोषण वाढवतं. जेवणातल्या मिऱ्याची भीती नको, रोजच्या त्रिकटूची (सुंठ, मिरी, पिंपळीचं चूर्ण) डॉक्टरांना कल्पना द्या. कापूर पोटात गेला तर निरोगी मुलालाही फिट येते, त्यामुळे देव्हाऱ्यातली कापराची डबी वर ठेवा. ग्रेपफ्रूटने कार्बामाझेपाइन चढतं, आणि आपलं पपनस हे त्याचं पूर्वज फळ, त्यातही तसली द्रव्यं असतात. गणपतीत एखादी फोड खाल्ली तर घाबरू नका. रोज मात्र नको.

मासे, भात, सोलकढी यांचं कसलंही पथ्य नाही.

दारू आणि उपवास?

एकदम जास्त प्यायली तर यकृत दारू मोडण्यात गुंततं, औषध साठतं, झोप दुप्पट. रोज पिणाऱ्याचं यकृत उलट औषध लवकर संपवतं, आणि दारू एकदम तुटली की फिट येते. होळी-शिमग्यानंतरचे दोन दिवस म्हणून धोक्याचे.

उपवास करा, गोळी पाण्याबरोबर घ्या. निर्जळी नको.

आजोबा कार्बामाझेपाइनवर आहेत, लेव्हल ठीक, तरी असंबद्ध बोलतात.

सोडियम तपासा. कार्बामाझेपाइन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपाइन रक्तातलं सोडियम उतरवतात. त्यात रक्तदाबाची लघवीची गोळी आणि बिनमिठाची पेज असेल तर ते १२५ च्या खाली जाऊ शकतं. लक्षणं बाधेसारखीच दिसतात: गोंधळ, तोल जाणं, शेवटी फिट. सलाइन घरी लावून घेऊ नका. सोडियम घाईने वर नेलं तर मेंदूला इजा होते.

दिवस गेले तर? आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या?

फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन, फेनोबार्बिटोन आणि जास्त मात्रेतलं टोपिरामेट घेणाऱ्या बाईला माला-डीसारख्या गोळ्यांचा भरवसा नाही, कारण यकृत ती संप्रेरकंही लवकर संपवतं. तांबी जास्त खात्रीची. लॅमोट्रिजिनवर मात्र परिणाम उलट दिशेने होतो: इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिन निम्म्यापर्यंत उतरू शकतं.

गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटामची पातळी उतरते, डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं, आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर बाळंतिणीला चक्कर येते, दोन दिसतात, बाळ हातात असताना तोल जातो. डोस परत कधी उतरवायचा हे नवव्या महिन्यातच लिहून घ्या. माहेरी बाळंतपण असेल तर हा कागद माहेरी न्या.

व्हॅल्प्रोएटने बाळात व्यंगाचा धोका साधारण दहात एक, शिवाय पुढे शिकण्याच्या अडचणी. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच बोलून औषध बदलून घ्या, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःहून बंद करू नका. मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

अंगावर पुरळ आलं तर?

हा प्रकार पातळीशी निगडित नाही, थोड्या डोसलाही होतो, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखणं यांपैकी काहीही असेल तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. फेनिटॉइनने असं झालं असेल तर कार्बामाझेपाइन आणि फेनोबार्बिटोननेही होऊ शकतं, म्हणून औषधाचं नाव केसपेपरवर लाल अक्षरांत लिहून घ्या.

टोपिरामेट आणि मे महिना?

टोपिरामेट आणि झोनिसामाइडने घाम कमी येतो, मुलांमध्ये जास्त. अंग तापलंय, तोंड लाल, पण कातडी कोरडी, असं दिसलं तर सावलीत घ्या, ओल्या फडक्याने पुसा, डॉक्टरांना कळवा. पाणी भरपूर, कारण मुतखडाही होतो.

गोळी चुकली, किंवा उलटीत पडली?

आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. उलटीत अख्खी गोळी दिसली तर पुन्हा घ्या. दिसली नाही तर डॉक्टरांना विचारून. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी दोन दिवसांच्या गोळ्या खिशात ठेवाव्यात, सामानाच्या बॅगेत नव्हे. रात्रभर घाटात अडकलं की बॅग टपावर आणि गोळ्या तिच्यात, असं होतं.

मुलाने आजीच्या गोळ्या गिळल्या, किंवा कुणी मुद्दाम जास्त घेतल्या. काय करायचं?

१०८ ला फोन. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. झोपाळलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. कुशीवर झोपवा. रिकाम्या स्ट्रिप, बाटल्या, उरलेल्या गोळ्या सगळं सोबत न्या. किती वाजता घेतल्या याचा अंदाज लिहा.

“आता तर ठीक दिसतोय” म्हणून परत फिरू नका. कार्बामाझेपाइन पोटात गोळा होऊन राहतं आणि पातळी कित्येक तासांनी चढते. रुग्णालयात पहिल्या तासात पोचलं तर औषधी कोळशाची पूड पोटात देऊन बरंच औषध अडवता येतं. कार्बामाझेपाइन आणि फेनोबार्बिटोनला ती पुन्हा पुन्हाही देतात. फेनिटॉइनला उतारा नाही. नाडी, रक्तदाब आणि श्वास सांभाळत ते उतरायची वाट पाहावी लागते, कधी आठवडाभर. व्हॅल्प्रोएटला कार्निटिन देतात. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपाइन, फेनोबार्बिटोन फार जास्त असेल तर डायलिसिस उपयोगी पडतं, म्हणून सोय नसलेल्या ठिकाणाहून लवकर पुढे पाठवणं महत्त्वाचं. मुद्दाम घेतल्या असतील तर जीव वाचल्यावर मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच मुक्कामात करून घ्या, आणि पुढे गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात.

गोळ्या बदलत असताना होडीवर जाता येईल का?

डोस चढवताना, उतरवताना आणि कंपनी बदलल्यावर नाही. तोल जाण्याची भीती आणि फिटची भीती, दोन्ही त्याच आठवड्यांत असतात. खाडीत पोहणं, कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने जाणं आणि माडावर चढणंही तेव्हा बंद. पुन्हा दर्यावर कधी जायचं ते फिटशिवाय किती काळ गेला यावर डॉक्टर ठरवतील. जाताना लाइफ जॅकेट अंगात हवं. तांडेलाला आजार माहीत असावा, आणि गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच्याजवळही एक दिवसाच्या असाव्यात.